यातले पाच चिंचोके दे

पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडे शाळापूर्व तयारीचे दोन मेळावे होतात. पहिला एप्रिलच्या सुमारास, दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना. मधल्या काळात माता गट, म्हणजे आयांचे छोटे गट, घरी मुलांकडून कृती करून घेतात. मुलाला काय काय जमतं याच्या खुणा ज्यावर करतात ती दोन्ही वेळची विकासपत्रं ताडून उपयोग किती झाला ते बघायचं, हे आमचं काम.

नुसते आकडे ताडले की सगळीच मुलं पुढे गेलेली दिसतात. पण या वयाचं मूल दोन महिन्यांत एरवीही वाढतंच. म्हणून जन्मदाखल्यावरून वय महिन्यांत लिहिलं आणि जूनमध्ये ७२ महिन्यांची असलेली मुलं एप्रिलमध्ये ७२ महिन्यांच्या असलेल्या मुलांशी ताडली. जो फरक उरला तोच धरला.

सगळ्यात जास्त गफलत मेळाव्यातल्या गणनपूर्व तयारीच्या, म्हणजे मोजणीची तयारी बघण्याच्या, टेबलावर होते. मूल वीसपर्यंत घडाघडा म्हणतं आणि पत्रावर खूण पडते. वाटीत १० चिंचोके ठेवून “यातले पाच मला दे” म्हटलं की तेच मूल अख्खी वाटी पुढे सरकवतं. बरोबर पाच दिले, तर ते आपल्या मुठीत मिटून लगेच विचारायचं, “किती दिलेस?” मूल मूठ उघडून पुन्हा एकपासून मोजू लागलं, तर शेवटचा आकडा म्हणजे एकूण, हे त्याला अजून पुरतं उमगलेलं नसावं. पाच देणं आणि किती दिले ते सांगणं, दोन्हींचे रकाने वेगळे ठेवा. जूनमध्ये चिंचोक्यांऐवजी खडे घ्या, आकडा मात्र पाचच.

तपासणारं माणूस बदललं की खुणाही बदलतात. पहिली १० मुलं तपासणाऱ्या दोघींनी एकाच वेळी, एकमेकींचा कागद न बघता तपासली. फरक पडला तो पत्रावरच्या ‘मदतीने’ या शब्दावर: मुलाने स्वतः केलं की मदतीने. लाल चेंडू विचारताना आपली नजर नकळत त्याच्याकडे जाते, आणि मूल चेंडू नव्हे, नजर ओळखतं. मग नियम केला: सूचना दोनदा, पुढे १० सेकंद गप्प, नजर कागदावर. आईची खुर्ची मुलाच्या पाठीमागे. घरी कोरकू किंवा पावरी या आदिवासी भाषा बोलणाऱ्या मुलाला त्याच भाषेत विचारायचं. नाहीतर समज राहते बाजूला, मराठीच तपासली जाते.

वीटभट्टीवरच्या कुटुंबांतली बरीच मुलं एप्रिलला गावात नसतात. त्यांचं पत्र एकदाच भरतं. ती सरासरीत मिसळली नाहीत, वगळलीही नाहीत. त्यांची यादी नावानिशी पहिलीच्या बाईंकडे दिली, पाच चिंचोक्यांच्या रकान्यासकट.