पेगबोर्ड: फळी ठोकण्यापासून पूर्ण चढाईपर्यंत, 8 आठवड्यांची नोंद

पेगबोर्ड म्हणजे भोकं पाडलेली उभी फळी. दोन हातांत दोन खुंट्या धरायच्या आणि त्या एकेका भोकात घालत हातांच्या जोरावर वर चढायचं. 2015 च्या क्रॉसफिट गेम्स या फिटनेस स्पर्धेत ‘पेडल टू द मेटल 1’ या इव्हेंटमध्ये पेगबोर्ड आला. आधी तीन चढाया, मग रोइंग मशीन, बाइक आणि डंबेल स्नॅच (डंबेल जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर नेणं). चढाईच सुरुवातीला असल्यामुळे बऱ्याच खेळाडू, विशेषतः महिला, फळीपाशीच अडकल्या. पुलअप्स सगळ्यांनाच येत होते. अंगाचा भार आलेली खुंटी सोडवणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि पुढचे आठही आठवडे त्यासाठीच.

आठवडा 0, फळी. 18 मिमीच्या मरीन (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायच्या 8 फूट × 1 फूट अशा दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या. 32 मिमीच्या फोर्स्टनर बिटने (मोठी, स्वच्छ कडेची भोकं पाडणारं ड्रिलचं पातं) दोन उभ्या रांगांत, 20 सेमी अंतरावर भोकं. मागे टाकाऊ लाकूड लावलं नाही तर प्लायच्या ढलप्या निघतात. खुंट्या खरादावर कातलेल्या कठीण लाकडाच्या, 30 मिमी जाड. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्यामुळे याहून कमी फट ठेवली तर जुलैत खुंटी भोकात रुतून बसते. फळीमागे 50 मिमीच्या पट्ट्या हव्यात, नाहीतर खुंटी भिंतीला अडते. अँकर बोल्ट काँक्रीटच्या कॉलममध्येच. विटेच्या भिंतीवर अजिबात नको.

आठवडे 1–2. बारवर कोपर 90 अंशांत ठेवून लटकणं, 20 सेकंद × 4. टॉवेल पुलअप्स (बारवर टाकलेला टॉवेल धरून) 4 × 5, म्हणजे 4 सेट, प्रत्येकी 5 वेळा. पेगबोर्डचे दिवस आठवड्यात दोनच, मध्ये किमान 72 तास. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर आधी टॉवेल बंद.

आठवडे 3–4. पाय बॉक्सवर ठेवून खुंटी काढणं-घालणं, प्रत्येक हाताने 3 × 6. खरी गोम इथे आहे. भार असताना खुंटी तिरकी होऊन भोकाच्या कडेला दाबली जाते. कितीही ओढा, निघत नाही. आधी दुसऱ्या हाताचं कोपर वाकवून कंबर त्या बाजूला न्यायची, मनगट सैल सोडायचं आणि खुंटी फळीला काटकोनात सरळ बाहेर काढायची. घालतानाही तेच. अर्धवट गेलेल्या खुंटीवर भार टाकला की ती निसटते.

मल्लखांब केलेल्यांना पकड जड जात नाही, पण मांड्यांनी खांब धरायची सवय इथे नडते.

आठवडे 5–6. दोन भोकं वर, दोन खाली, पाच सेट. कोपरं सरळ झाली की पुढचं भोक हाताला लागत नाही आणि चढाई तिथेच संपते. त्यामुळे हनुवटी खुंटीच्या खाली जाऊ द्यायची नाही. चॉक (पकडीसाठीची पांढरी पावडर) हाताला लावा, खुंटीला नको. थर साचला की भोकात अडकतो.

आठवडे 7–8. पूर्ण चढाई, नंतर रोइंग मशीनच्या मीटरवर 12 कॅलरी होईपर्यंत रोइंग करून लगेच पुन्हा चढाई. दमल्यावर लोक वरून उडी मारतात, म्हणून खाली 20 सेमीची मॅट. निसटलेली खुंटी डोक्यावर पडते. फळीखाली कुणी उभं राहायचं नाही.

स्थानिक स्पर्धेत पेगबोर्ड ठेवायचा असेल तर वर्कआउटच्या शेवटी ठेवा आणि गुण भोकागणिक द्या. फक्त पूर्ण चढाई मोजली तर अर्ध्या फळीपर्यंत गेलेला आणि जागचा न हललेला, दोघांच्याही स्कोअरकार्डवर शून्यच पडतं.