गाडीचा आवाज कमी करायला गेलो आणि दारात पाणी साठलं

मार्चमध्ये आईला घेऊन ठाण्याला मावशीकडे गेलो होतो, तिथून हे सगळं सुरू झालं. नाशिक ते इगतपुरी डांबरी रस्त्यावर आमच्या गप्पा व्यवस्थित चालू होत्या, मग समृद्धीवर चढलो आणि काँक्रीट लागलं की गाडीत जो घुंऽऽऽ सुरू झाला तो आमण्याला उतरेपर्यंत थांबलाच नाही. बोगद्यात तर विचारू नका, जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आणि काचा बंद असून वाटत होतं पिठाच्या गिरणीत बसलोय. आई मागून काहीतरी विचारत होती, मी तिसऱ्यांदा "काय?" म्हणालो तेव्हा म्हणाली, "काही नाही, तू गाडी चालव."

आमची गाडी म्हणजे दहा वर्षं जुनी छोटी हॅचबॅक. असल्या गाडीत पत्रा पातळ असतो, मडगार्डच्या आत जाड लायनर वगैरे चोचले नसतात, त्यामुळे टायर रस्त्यावर जे वाजतात ते सरळ आपल्या पायाखाली येतं. हे मला आता कळतं. तेव्हा मी काय केलं तर घरी आल्यावर रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघितले, आणि त्या सगळ्या व्हिडिओत लोक दारं उघडून त्यावर चंदेरी शीट चिकटवत होते, म्हणून मी पण ठरवलं, दारं!

आधी एका ॲक्सेसरीजच्या दुकानात विचारलं, तर चार दारं आणि डिक्कीचे अठ्ठावीस हजार सांगितले. गाडीची किंमत काय राहिलीये आणि हा काय सांगतोय. वर त्याने स्वस्तातला पर्याय म्हणून गच्चीच्या गळतीला लावतात ती डांबरी पट्टी दाखवली, "सेमच आहे साहेब, कंपनीचं नाव नाही एवढंच." सेम अजिबात नाही. डांबर उन्हात मऊ पडतं, वास मारतं आणि उभ्या पत्र्यावरून हळूहळू सरकतं, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा पत्रा किती तापत असेल बघा. घ्यायची ती ब्यूटाइल रबरची शीट, 2 मिमी जाडीची, वरून ॲल्युमिनियमची फॉइल असलेली. मी ऑनलाइन मागवली, आणि सोबत एक छोटा लोखंडी रोलर.

आता ही शीट नेमकं काय करते हे मी स्वतः दार वाजवून बघेपर्यंत मला नीट कळलं नव्हतं. लोकांना वाटतं (मला पण वाटायचं) की ती आवाज अडवते. तसं नाहीये. पातळ पत्रा डब्यासारखा थरथरतो, शीटमधला चिकट रबर ती थरथर खातो आणि तिची थोडीशी उष्णता होऊन जाते, बास. बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक केलं तर आधी "ठण्ण" येतं आणि हाताएवढा तुकडा चिकटवून नीट रोल केला की त्याच जागी "ठप". लाकडी पाटावर मारल्यासारखं. म्हणूनच अख्खं दार मढवायची गरज नसते, पत्र्याच्या मोठ्या सपाट भागाच्या मधोमध पाव ते एक तृतीयांश जागा झाकली तरी थरथर बऱ्यापैकी मरते. मी पहिल्या दाराला हावरटासारखं सगळीकडे लावलं आणि तिसऱ्या दारापर्यंत माल संपत आला. शिवाय वजन आहे हो त्याला, एका चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास!

तर रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडामांड केली. दाराचा पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं कव्हर, काढायला दोन-तीन स्क्रू असतात, एक हँडलच्या मागे लपवलेला, बाकी प्लॅस्टिकच्या क्लिपा. क्लिपा तुटतातच, आधीच दहा-बारा आणून ठेवा. पॅडच्या मागे काळ्या डिंकाने चिकटवलेला एक प्लॅस्टिकचा कागद असतो, तो फाडायचा नाही, हळूहळू सोडवायचा आणि नंतर परत तसाच चिकटवायचा, कारण काचेच्या फटीतून दारात शिरलेलं पाणी पायाशी येऊ नये म्हणून तो असतो. मग आतल्या मोकळ्या जागेतून हात घालून बाहेरचा पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, धूळ आणि तेल राहिलं तर शीट महिनाभरात लोंबायला लागते. काचेची मशीन जिथून वरखाली होते तिथे जाड काही लावायचं नाही. आणि हातमोजे घाला राव, त्या फॉइलची कड ब्लेडसारखी असते, माझ्या मनगटावर अजून दोन पांढऱ्या रेघा आहेत.

तळमजल्यावरचे काका दोनदा येऊन बघून गेले, तिसऱ्यांदा म्हणाले, "विकायला काढली का?"

चारही दारं व्हायला दोन रविवार गेले. दार लावलं की आता "धप्प" असा महाग गाडीचा आवाज यायला लागला, मी उगाच चार-चार वेळा दार लावून बघायचो, स्पीकरचा बेसही सुधारला. मग फोनमधलं डेसिबलचं ॲप घेऊन निघालो. पाथर्डी फाट्यापासून विल्होळीच्या जैन मंदिरापर्यंतचा हायवे, स्पीड 80, काचा बंद, एसी एकवर, फोन बायकोच्या हातात. आधी याच रस्त्यावर 74 यायचे. आता? 73. बायको म्हणाली, "अरे, एवढ्यासाठी मी दोन रविवार मिसळीला मुकले?"

फोनचं ॲप काही खरं मीटर नाही, आकडा चुकू शकतो, पण त्याच फोनने त्याच जागी मोजलं तर फरक तरी कळतो. आणि डेसिबल हे साधं मोजमाप नाही, दहाने कमी झालं की कानाला साधारण अर्धा आवाज वाटतो, त्यामुळे एक म्हणजे जवळपास काहीच नाही.

तेव्हा कुठे मी डोकं लावलं. डोळे मिटून मागच्या सीटवर बसलो, बायकोला गाडी चालवायला दिली आणि नुसतं ऐकलं. आवाज दारातून येतच नव्हता, तो खालून येत होता, पायाखालून आणि मागच्या चाकांच्या कमानींतून. दारातून मुख्यतः वारा आणि शेजारून जाणारा ट्रक येतो. रस्त्याची गुरगुर येते गाडीच्या तळातून.

मग मे महिन्यात गाडीचा फ्लोअर कामाला काढला. हे काम दारापेक्षा जिकिरीचं आहे, सीट काढाव्या लागतात, आणि सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगच्या सिस्टिमचा असतो, त्याच्याशी मस्ती नको. बॅटरीचं निगेटिव्ह काढून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मगच ते सोडवायचं, आणि सगळं परत जोडेपर्यंत चावी फिरवायची नाही. मॅटिंगखाली काय काय निघालं! दोन रुपयांची तीन नाणी, एक हरवलेली पेनड्राइव्ह, शेंगदाणे, आणि मुलीचा बालवाडीतला हेअरबँड, ती आता सहावीत आहे.

खाली ब्यूटाइल, त्यावर बंद छिद्रांचा फोम, म्हणजे पाणी न पिणारा. साध्या स्पंजचा फोम लावू नका, तो ओला होतो आणि खालचा पत्रा गंजतो. फोमवर अजून एक जड व्हिनाइलचा थर टाकतात, आवाज खरा अडवतो तो त्याचं वजन, पण तो महाग होता म्हणून मी फक्त मागच्या कमानी आणि डिक्कीत टाकला, स्टेपनीच्या खड्ड्यासकट. विल्होळीला परत मोजलं, 71.

मी खूश. मग जुलै आला.

चार दिवस सलग पाऊस, आणि पाचव्या दिवशी कॉलेज रोडच्या सिग्नलला ब्रेक मारला तर बायको म्हणाली, "दारात पाणी डुचमळतंय." मी म्हटलं बाटली असेल. बाटली नव्हती. घरी येऊन दार हलवलं तर आतून माठ हलवल्यासारखा डुबुक-डुबुक. दाराच्या अगदी खालच्या कडेला छोट्या फटी असतात, आत आलेलं पाणी तिथून गळून जातं, आणि मी हावरटासारखं लावलेलं ते पहिलं दार, त्याच्या तळालाही शीट दाबून बसवली होती. खराट्याची काडी घेऊन खालून टोचलं तर भसकन तांबूस पाणी माझ्या शर्टावर, थांबायचं नाव नाही, नंतर बादली लावली तरी अर्धी भरली. पॅड पुन्हा काढला, तळाची शीट हेअर ड्रायरने गरम करून सोलली. गंज नुकताच धरत होता, वाचलो. दिवस मात्र गेला.

राहता राहिले टायर. सहा वर्षं जुने होते, नक्षी बरी होती म्हणून मी बदलत नव्हतो, पण रबर नखाने दाबलं तर दगड, आणि मागच्या दोघांवर हात फिरवला तर एका बाजूने गुळगुळीत आणि उलट्या बाजूने करवतीसारखं टोचायचं. असे झिजलेले टायर घूं-घूं करतातच. सप्टेंबरमध्ये चारही बदलले, अलाइनमेंट करून घेतली, हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरली (मी आधी सगळीकडे चार जास्त भरायचो, मायलेजच्या नादात). पाथर्डी फाटा, विल्होळी, 80, एसी एकवर. 67! एवढे रविवार मोडून मी तीन कमी केले आणि टायरवाल्याने तासाभरात चार.

म्हणजे आधी टायर बदलून बघायला हवं होतं, मग फ्लोअर, आणि दारं सगळ्यात शेवटी, तीही स्पीकर चांगला वाजावा म्हणून. मी बरोब्बर उलटं केलं. आता शांतता झाल्यावर डॅशबोर्डची एक किरकिर नव्याने ऐकू यायला लागलीये, ती आधीही असणार.

दिवाळीत आईला घेऊन पुन्हा ठाण्याला गेलो. त्याच बोगद्यात एक ट्रक इंडिकेटर न देता माझ्या लेनमध्ये घुसला, मी ब्रेक मारला आणि सवयीप्रमाणे तोंडातल्या तोंडात काहीतरी बोललो.

मागून आई म्हणाली, "काय म्हणालास रे तू त्याला?"