वाचकाची नोंद

बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात समोरच्या घरी राहणारा मुलगा, ज्याला मी त्याच्या बारशापासून ओळखते, परवा संध्याकाळी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आजी, तुम्ही शांतपणे वाचाल म्हणून आणलंय. यातलं काय ठेवू आणि काय काढून टाकू?" त्याला अमेरिकेत एम.एस.साठी प्रवेश मिळाला आहे. विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांनी समाजमाध्यमांवरची आपली खाती सर्वांना दिसतील अशी खुली ठेवावीत, असे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जून २०२५ पासून सांगितले आहे. त्याने गेल्या चार वर्षांत जे जे लिहिले होते ते सगळे पुन्हा वाचून काढले होते आणि एका कागदावर काढून टाकायच्या मजकुराची यादी केली होती. त्या यादीत पहिल्याच ओळीत ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हाचा मजकूर होता. त्याच्या मामाच्या घरात कमरेइतके पाणी शिरले होते आणि घरातल्या सगळ्यांनी गच्चीवर दोन रात्री काढल्या होत्या, त्याविषयी त्याने चिडून लिहिले होते. मी विचारले, "याचा अमेरिकेशी काय संबंध?" तो म्हणाला, "संबंध नाही, पण तक्रार करणारा माणूस दिसतो ना."

त्या एका वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. माझे सगळे नोकरीचे आयुष्य वाचनालयांत गेले, आणि अमेरिकेविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो तिथल्या श्रीमंतीमुळे नाही. आपल्याच सरकारला हातात राज्यघटना घेऊन "हे तुम्हाला करता येणार नाही" असे सांगणारी साधी माणसे त्या देशात पिढ्यान् पिढ्या निपजत आली, आणि त्यांनी त्यालाच देशप्रेम मानले, म्हणून तो आदर आहे. त्यातली काही माणसे माझ्याच व्यवसायातली होती, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहिते.

बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात ज्यांनी पाऊल टाकले आहे त्यांना ठाऊक असेल की त्या संस्थेचा पाया घालायला सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. बोर्डन कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनचे. तीन वर्षांत त्यांनी इथे शास्त्रशुद्ध वर्गीकरण बसवले, माणसे तयार केली, आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी धाडणारी फिरती वाचनालये उभी केली. पुस्तक मागायला येणाऱ्याची जात, ऐपत किंवा हेतू विचारायचा नाही, हा धडा आमच्या शहराने त्या काळात गिरवला. ज्या १९१३ साली बोर्डन परत गेले, त्याच साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. एवढ्या जुन्या देवघेवीमुळे अमेरिकेतल्या ग्रंथालयांची बातमी मला परक्या घरची वाटत नाही.

त्याच कोलंबियाच्या गणित आणि विज्ञान ग्रंथालयात १९८७ साली एफबीआयची माणसे आली आणि परदेशी वाचक काय वाचतात याची चौकशी करू लागली. ग्रंथपाल पॉला कॉफमन यांनी त्यांना माहिती द्यायला नकार दिला आणि ही गोष्ट जगासमोर आणली. पुढे अनेक वर्षांनी, जुलै २००५ मध्ये, बोर्डन यांच्याच कनेक्टिकट राज्यात 'लायब्ररी कनेक्शन' या संस्थेकडे एफबीआयचे एक पत्र आले. ही संस्था पंचवीसहून अधिक ग्रंथालयांची संगणक व्यवस्था सांभाळत असे. एका ठरावीक दिवशी, ठरावीक पाऊण तासात एका संगणकाचा वापर कोणी केला, त्याची सगळी माहिती द्या, अशी त्या पत्रात मागणी होती. त्यावर कोणत्याही न्यायाधीशाची सही नव्हती. शिवाय हे पत्र आल्याची गोष्ट कोणालाही, घरच्या माणसांनासुद्धा, सांगायची नाही असा हुकूम होता, आणि त्याचे कारण राष्ट्रीय सुरक्षा हे होते.

संस्थेच्या चार पदाधिकाऱ्यांनी, जे चौघेही ग्रंथालयाच्या कामात मुरलेले होते, वकील गाठला, नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनची मदत घेतली आणि सरकारविरुद्ध दावा लावला. नाव उघड करायची बंदी असल्यामुळे दाव्यात त्यांचे नाव 'जॉन डो', म्हणजे आपल्याकडचा 'अबक'. सुनावणी ब्रिजपोर्टच्या न्यायालयात होती आणि ते स्वतःच फिर्यादी होते, तरी त्यांना तिथे बसू दिले नाही, कारण कोणीतरी चेहऱ्यावरून ओळखले असते. त्यांना हार्टफर्डच्या न्यायालयातल्या एका बंद खोलीत बसून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर स्वतःच्या खटल्याची सुनावणी पाहावी लागली. सप्टेंबर २००५ मध्ये न्यायाधीश जॅनेट हॉल यांनी ही तोंडबंदी घटनेविरुद्ध असल्याचे सांगितले, पण सरकारने अपील केल्यामुळे बंदी चालूच राहिली. मला सर्वांत बोचणारी गोष्ट पुढची आहे. नेमका त्याच महिन्यांत ज्या कायद्याखाली ते पत्र आले होते त्याच्या मुदतवाढीवर अमेरिकेच्या संसदेत वाद चालू होता, आणि ज्या चौघांना या प्रश्नावर स्वतःच्या अनुभवातून बोलता आले असते त्यांच्याच तोंडाला कुलूप होते. मार्च २००६ मध्ये मुदतवाढीवर सही झाली, एप्रिलमध्ये सरकारने तोंडबंदीचा आग्रह सोडला, आणि जूनमध्ये ती मूळ मागणीही मागे घेतली. वाचकाची नोंद त्यांनी शेवटपर्यंत दिली नाही.

त्या कायद्याचे लांबलचक इंग्रजी नाव मुद्दाम असे बेतले होते की आद्याक्षरे जोडली म्हणजे 'पेट्रियट', म्हणजे देशभक्त, हा शब्द तयार व्हावा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर दीड महिन्यात तो मंजूर झाला. सिनेटमध्ये ९८ मते बाजूने पडली आणि विरोधात एकच मत पडले, ते विस्कॉन्सिनच्या रस फाइनगोल्ड यांचे. आपण पोलिसी राज्यात राहत असतो तर दहशतवादी पकडणे सोपे झाले असते, पण मग तो देश अमेरिका राहिला नसता, अशा आशयाचे भाषण त्यांनी त्या वेळी केले. ज्या कायद्याच्या नावातच देशभक्ती घातली आहे त्याविरुद्ध हात वर करायला, ढिगाऱ्यातून प्रेते निघत असताना, केवढे धैर्य लागले असेल याची कल्पना करून पाहावी. पुढे जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी तिची गुप्त कागदपत्रे उघड केली तेव्हा दिसले की त्याच कायद्यातल्या एका कलमाचा आधार घेऊन कोट्यवधी सामान्य नागरिकांच्या दूरध्वनीच्या नोंदी सरसकट गोळा केल्या जात होत्या. २०१५ साली संसदेला ती पद्धत कायद्याने बंद करावी लागली. स्नोडेन यांनी निवडलेल्या मार्गाविषयी माझ्या मनात आजही प्रश्न आहेत, परंतु त्यांनी दाखवलेली गोष्ट खरी होती.

सरकारला तपास करावा लागतो, हे मी नाकारत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की तपास करणाऱ्याने न्यायाधीशासमोर जाऊन कोणाविषयी, कशासाठी आणि कशाच्या आधारावर माहिती हवी ते सांगावे. ही काही नवी मागणी नाही. १७६१ साली बॉस्टनमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांकडे असे परवाने असत की त्यांवर ना घराचे नाव, ना मालाचे. परवाना खिशात असला की कोणाच्याही घरात शिरावे. जेम्स ओटिस नावाच्या वकिलाने त्यांविरुद्ध युक्तिवाद केला. ओटिस तो खटला हरला, पण त्याचा युक्तिवाद ऐकत बसलेले तरुण जॉन ॲडम्स, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी म्हातारपणी लिहून ठेवले की स्वातंत्र्य नावाचे मूल त्या दिवशी, त्या जागी जन्मले. १७९१ साली अमेरिकेच्या घटनेत जी चौथी दुरुस्ती आली आणि जिने झडतीसाठी सबळ कारण आणि नेमक्या जागेचा उल्लेख सक्तीचा केला, तिच्यामागे तो राग आहे.

आता जे लिहायचे आहे ते मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. १९७६ साली मी तेवीस वर्षांची होते आणि शहरातल्या एका छोट्या वाचनालयात देवघेव विभागात नुकतीच लागले होते. आणीबाणी चालू होती. गुजरातेत पहिले काही महिने बाबूभाई पटेलांच्या काँग्रेसविरोधी सरकारमुळे थोडा आडोसा होता, पण मार्चमध्ये ते सरकार गेले, आणि त्याच सुमारास बडोदा डायनामाइट प्रकरणात, म्हणजे जॉर्ज फर्नांडिस आणि त्यांच्या साथीदारांवर सरकारविरुद्ध स्फोटके जमवल्याचा आरोप झाला त्यात, आमच्या शहरात धरपकड सुरू झाली. त्या उन्हाळ्यात एका दुपारी साध्या कपड्यांतले दोघे जण टेबलाशी आले. आमचे ग्रंथपाल रजेवर होते. त्यांनी एका सभासदाचे नाव घेतले आणि नोंदवही मागितली. कागद दाखवा असे मी म्हटले नाही, ग्रंथपाल येईपर्यंत थांबा असेही म्हटले नाही. मी वही त्यांच्याकडे वळवली आणि बोट ठेवून ओळी दाखवल्या. त्यांतल्या एकाने माझ्याच टेबलावरची पेन्सिल घेऊन पुस्तकांची नावे उतरवून घेतली आणि जाताना पेन्सिल नीट जागेवर ठेवली. ते सभासद त्यानंतर वाचनालयात आले नाहीत. त्यांचे कार्ड पेटीत तसेच राहिले आणि मी ती नोकरी सोडली तोवर मी रोज ती पेटी उघडत होते.

मी घाबरले होते, हे खरे. पण त्याहून खरे हे की देशावर संकट आहे, सरकार मागते आहे, तर देणे हेच माझे कर्तव्य, असे मला त्या क्षणी प्रामाणिकपणे वाटले होते. कनेक्टिकटच्या चौघांची हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती पेन्सिल आठवली. त्यांच्या देशात तर तीन हजारांच्या आसपास माणसे एका सकाळी मारली गेली होती, तरी त्यांचे कर्तव्य काय याविषयी त्यांचा गोंधळ झाला नाही.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर, २८ एप्रिल १९७६ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत अटक झालेल्या माणसाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. आपल्या निकालपत्राच्या शेवटी त्यांनी अमेरिकेचे सरन्यायाधीश चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांचे वचन दिले आहे, ज्याचा आशय असा की शेवटच्या न्यायालयातला विरोधी निकाल हे येणाऱ्या दिवसाच्या शहाणपणाकडे केलेले अपील असते. खन्नांना सरन्यायाधीशपद नाकारले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. तो येणारा दिवस उगवायला २०१७ साल यावे लागले. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे नऊ न्यायाधीशांनी ठरवले आणि जबलपूरचा निकाल रद्दबातल केला. १९७६ च्या बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते, आणि २०१७ साली तो निकाल चूक असल्याचे लिहिणारे धनंजय चंद्रचूड हे त्यांचे चिरंजीव.

देशभक्ती सक्तीने वदवून घेता येते का, हा प्रश्नही दोन्ही देशांनी एकाच पद्धतीने सोडवला आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या, ईश्वराखेरीज कशालाही वंदन करायचे नाही असे मानणाऱ्या यहोवाच्या साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या बार्नेट घराण्यातल्या शाळकरी बहिणींनी ध्वजाला सलामी द्यायला नकार दिला म्हणून त्यांना शाळेतून काढले गेले. अशाच प्रश्नावर १९४० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सक्तीची बाजू घेतली होती. तीन वर्षांनी, महायुद्ध ऐन भरात असताना, १४ जून १९४३ रोजी, म्हणजे त्यांच्या ध्वजदिनीच, त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी स्वतःचा निर्णय फिरवला. राजकारणात, राष्ट्रीयत्वात किंवा धर्मात कोणते मत शिरोधार्य हे कोणताही लहानमोठा अधिकारी ठरवू शकत नाही, असे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिले. केरळातल्या त्याच पंथाच्या तीन भावंडांना राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत, एवढ्यावरून शाळेतून काढले गेले, तेव्हा १९८६ साली न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना परत शाळेत घ्यायला लावले, आणि त्या निकालात या अमेरिकन निकालाचा आधार घेतला. मी स्वतः राष्ट्रगीत म्हणताना आजही डोळे पुसते. ती मुले माझ्याहून कमी भारतीय आहेत असे मला कधी वाटले नाही.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आजी, पण मी तिथला नागरिक नाही. त्यांच्या घरात जायचं तर त्यांचे नियम." त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही. आपल्या दारातून कोणाला आत घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. पण ज्या देशाच्या ग्रंथपालांनी एका अनोळखी वाचकाच्या पाऊण तासासाठी आपल्याच सरकारशी वर्षभर झगडा मांडला, त्या देशाच्या दाराशी पोचण्याआधीच बडोद्यातला एक मुलगा बडोद्याच्या पुराविषयी बोलायला कचरतो, ही मला त्या देशाचीच हानी वाटते. त्याच्या आईवडिलांनी कर्ज काढले आहे, मुंबईच्या वकिलातीतली तारीख जवळ आली आहे. "काढू नकोस" असे सांगण्याचे धाडस मी केले नाही.

त्याने पुराचा मजकूर पडद्यावर उघडला. मी म्हटले, "थांब, आधी मला वाचून दाखव." तो वाचत गेला आणि मी माझ्या वहीत शब्द न् शब्द उतरवून घेतला, जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आले होते ते, मामींनी पाण्यात उतरून वर आणलेली औषधांची पिशवी, दुसऱ्या रात्री शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी दोरीने पोचवलेला चहाचा थर्मास. खाली तारीख घातली. त्याचे नाव मी लिहिले नाही. मग त्याने बटण दाबले.