वरचे वीस बाइट

लातूरच्या मे महिन्यातल्या दुपारी माणूस करून करून काय करणार? कूलरच्या वाऱ्यात बसायचं आणि घरातली माणसं काय करताहेत ते बघायचं. लेक वहीत पट्टीने चौकटी आखत होती.

"काय करायलीस गं?"

"आयपी हेडर. परीक्षेला हमखास येतंय, बाबा. आकृती नीट आली तरी बरेच मार्क पडतात."

मार्कांसाठी काढलेल्या आकृतीकडे सहसा कोणी प्रेमाने बघत नाही. मी बघितलं, कारण झोप येत नव्हती. वर ० ते ३१ असे बिट, त्याखाली पाच ओळी, प्रत्येक ओळीत चार बाइट (आठ बिटांचा एक). झाले वीस. सकाळच्या गुलाबांपासून सातबाऱ्याच्या फोटोपर्यंत आपण मोबाइलवरून जे काही धाडतो ते तुकड्यातुकड्यांनी, म्हणजे पॅकेटांनी जातं. ती इंटरनेटवर कशी धाडायची याचे नियम म्हणजे आयपी, आणि त्याची चौथी आवृत्ती असेल तर प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर निदान हे वीस बाइट असतात. तेच हेडर. १९८१ च्या सप्टेंबरात जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या 'आरएफसी ७९१' या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात हीच आकृती टाइपरायटरी अधिक-उणे चिन्हांनी काढलेली आहे. लेकीची जास्त देखणी होती, हे मी बाप म्हणून सांगतोय असं समजा.

पहिल्या चौकटीत ४, म्हणजे आवृत्ती. शेजारी बहुधा ५, म्हणजे हेडरच्या ओळी किती. मग एकूण लांबी, तुकडा मोठा पडला तर त्याचेही तुकडे करायची व्यवस्था, आत टीसीपी आहे की यूडीपी (माल पोचवायच्या दोन पद्धती) ते सांगणारा ६ किंवा १७. हे सगळं तिने भराभर सांगितलं. शेवटच्या दोन ओळींत दोन पत्ते: आधी पाठवणाऱ्याचा, मग घेणाऱ्याचा.

"वाटेतला राउटर आतलं काही बघत नाही," ती म्हणाली. राउटर म्हणजे पॅकेट पुढच्या वाटेला लावणारं यंत्र. "त्याचं काम वरच्यावर भागतं."

तिथे मला कंडक्टरकाका आठवले.

दादा लातूरला शिकायला होता आणि त्याचा डबा अहमदपूरकडून येणाऱ्या सकाळच्या एसटीने जायचा. फाट्यावर डबा घेऊन उभं राहणं हे माझं काम. आई भाकरी फडक्यात बांधायची, वरच्या खणात पिठलं, एका कोपऱ्यात शेंगदाण्याची चटणी, आणि झाकणावर पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीने बांधायची. त्यावर दादाचं नाव, खाली ठळक 'लातूर'. काका पुठ्ठा वाचायचे आणि डबा ड्रायव्हरच्या मागे, इतर डब्यांच्या गर्दीत सरकवायचे. कुठल्या डब्यात काय आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. गाडी चाकूरमार्गे लातूरला पोचायची, तिथे पोरं स्टँडवर उभी असायची. पाठवणाऱ्याचं नाव आईने कधीच लिहिलं नाही. पिठल्याच्या तिखटावरून दादाला कळायचं ते कुणाचं आहे. पॅकेटात ते लिहिलेलं असतं खरं, पण खोटंही लिहिता येतं, आणि हेडरवर नुसती नजर टाकून ते ओळखू येत नाही. पिठलं बरं.

हेडरमधला चेकसम (पडताळणीची बेरीज) हाही काकांच्याच स्वभावाचा. तो फक्त हेडर धड आहे का एवढंच तपासतो. आतला माल नासलाय का, ते ज्याचं त्याने बघावं.

पण मी अडकलो ते तिसऱ्या ओळीच्या पहिल्या चौकटीत. आठ बिट, टीटीएल (टाइम टू लिव्ह), म्हणजे पॅकेटचं आयुष्य. पॅकेट घरातून निघतानाच त्यात एक आकडा घालतात, बऱ्याच यंत्रांवर ६४, विंडोजवर १२८; २५५ च्या वर जाताच येत नाही. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा बदलला म्हणून चेकसमही पुन्हा मांडतो आणि पुढे धाडतो. शून्य झालं की पॅकेट तिथेच टाकून देतात. असं केलं नाही तर दोन राउटरांनी एकमेकांकडे बोट दाखवल्यावर ते बिचारं कायमचं येरझारा घालत राहील. मूळ कागदात हा आकडा सेकंदांचा होता. पुढे व्यवहारात सेकंद मागे पडले, उरली ती टप्प्यांची मोजणी.

दादा कधी स्टँडवर आला नाही तर डबा संध्याकाळच्या फेरीने परत यायचा. भाकरी कडक, पिठल्याला आंबूस वास. आई बोलायची नाही काही, पण भांडी जरा जोरात घासायची. पॅकेटला परतफेरी नाही. फार तर ज्या राउटरने ते टाकलं तो 'वेळ संपली' असा निरोप पाठवणाऱ्याकडे धाडतो. तोही धाडेलच असं नाही. कित्येक राउटर गप्प बसतात.

"आणि हा निरोपच वाटेत हरवला तर?" मी विचारलं.

"तर त्याचा निरोप द्यायचा नाही, असा नियमच आहे. नाहीतर निरोपांचे निरोप संपायचेच नाहीत."

नियम शहाणपणाचा आहे. भाऊबंदकीत कोणी लावला असता तर आमच्या गावातली निम्मी तोंडं बंद झाली असती.

एक बिट मात्र सगळ्यांत निवांत. दुसऱ्या ओळीत तीन खुणांचे बिट आहेत, त्यांतला पहिला राखीव, कायम शून्य. १ एप्रिल २००३ रोजी स्टीव्हन बेलोविन यांनी गंभीर चेहऱ्याने एक आरएफसी काढला, क्रमांक ३५१४. ज्याने वाईट हेतूने पॅकेट धाडलं असेल त्याने हा बिट १ करावा, म्हणजे फायरवॉलला, नेटवर्कच्या राखणदाराला, ते अडवणं सोपं जाईल. तारीख बघितलीत ना? इतकी वर्षं झाली, पण एकाही चोराने मनावर घेतलेलं दिसत नाही.