तुला कुठे जायचंय?

आमच्या एअरोमॉडेलिंग संघटनेतल्या काकांनी सहज विचारलं. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. तरी सकाळपासून तेच डोक्यात फिरतंय. "तुला कुठे वर्ल्डला जायचंय? मग पैशांची एवढी चौकशी कशाला?" वर्ल्ड म्हणजे उडत्या मॉडेलांची जागतिक स्पर्धा.

संघटनेच्या बैठकीत मी विचारलं ते इतकंच की अंदाजपत्रकात 'आंतरराष्ट्रीय स्पर्धा' अशी एकच ओळ का? मॉडेलच्या कुठल्या प्रकाराला किती, संघ-व्यवस्थापकाचा खर्च त्यातच धरलाय का, कुणी ठरवलं? उत्तर आलं, "सूचना नोंदवून घेतली." आणि पुढचा विषय.

मला जायचं नाही, हे खरंच आहे. एफ१बीच्या, म्हणजे रबराच्या पिळावर उडणाऱ्या मॉडेलांच्या, संघात जागाच तीन. पण त्या तिघांचं रबर भरताना दुसऱ्या टोकाला मॉडेल धरून उभी असते ती मी. तेल धरून जास्तीत जास्त ३० ग्रॅम रबर. आधी ते ताणून लांब न्यायचं, मग वाइंडरने पीळ भरत एकेक पाऊल जवळ यायचं, नजर पिळाचा जोर दाखवणाऱ्या टॉर्क मीटरवर. ती रबराची मोटर तुटलीच तर मॉडेल फाटू नये म्हणून मध्ये नळी. त्या वेळी कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नाही. मग दुर्बीण आणि स्टॉपवॉच, १८० सेकंदांचा मॅक्स, म्हणजे उड्डाणाची मोजली जाणारी कमाल वेळ, पुरा होतो का बघत. वर्गणी तर सगळेच भरतो.

आणि तरी, तुला कुठे जायचंय!

संघटनेतल्या धाकटीचं आठवलं की जास्त लागतं. निवड-स्पर्धेत तिसरी आली होती. वर्ल्डला जायला पैशांची मदत मिळणार की नाही, मिळाली तर किती, हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. तिने नाव मागे घेतलं. राखीव होता त्याला परवडत होतं, तो गेला. त्याचा काय दोष? निवड गुणांवर झाली आणि संघ खिशावर ठरला. तिच्या आईशी त्यानंतर... जाऊ दे.

दुपारी वाटलं, वर्गणी भरावी, आपलं मॉडेल उडवावं, घरी यावं. कोण विचारतंय आपल्याला?

संध्याकाळी जरा शांत झाले. काका स्वतःच्या पैशांनी गेलेले. त्यांच्या लेखी हा पैसा स्पर्धेत मॉडेल उडवणाऱ्यांचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात. कार्यकारिणीतले तरी कोण? नोकरी सांभाळून रात्री हिशेब लिहिणारेच. तोंडी विचारलं, ते तोंडीच विरलं. ठराव लेखी हवा, सूचक-अनुमोदक हवेत, मुदतीत पोचायला हवा. संघटनेच्या घटनेत तसंच आहे. ठीक आहे, तसं करू.

सिनिअर वर्ल्ड दोन वर्षांनी येतं, अचानक उगवत नाही. तेव्हा मदतीची रक्कम निवड-स्पर्धेच्या आधी जाहीर व्हावी, हे पहिलं. प्रकारवार वाटणी सभासदांपुढे मताला यावी, हे दुसरं. अनुमोदक म्हणून काकांनाच विचारणार आहे. राखीव खेळाडूच्या तिकिटाचं कलम मात्र अजून जमत नाहीये. आधी काढायचं म्हटलं तर पैसे अडकतात, उशिरा काढलं तर दुप्पट जातात. उद्या धाकटीला फोन करून विचारते.