आईनं विचारलंच नाही

रविवार, रात्र

आईनं आज सही केली. चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "निळ्या पेननं करू का काळ्या?" काळ्या, म्हटलं. तिनं सही केली, पेनाला टोपण लावून मला परत दिलं आणि गॅसवर ठेवलेली भाजी बघायला आत गेली.

झालं ते एवढंच. पण संध्याकाळपासून माझं कशात लक्ष नाही.

जपानचं नागरिकत्व मागायचा अर्ज करतेय, त्याला जोडायचा हा कागद. वर जपानी, खाली मी करून ठेवलेलं मराठी. आईनं स्वतः लिहून द्यायचं की माझं लग्न अमुक तारखेला अमक्याशी झालं आणि मला ही मुलं झाली. पहिलं नाव दादाचं, दुसरं माझं, पुढे जन्मतारखा. तिथल्या लोकांची 'कोसेकी' असते, घराण्याची सरकारी नोंद. जन्म, लग्न, मृत्यू सगळं एका जागी. बाहेरून आलेल्याची ती नसते, म्हणून एकेक दाखला गोळा करून आपलं घर त्यांना उभं करून दाखवायचं. माझा जन्मदाखला, दादाचा, आईबाबांचा विवाहदाखला, आईचं हे निवेदन. प्रत्येकाला जपानी भाषांतर जोडायचं, त्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव आणि पत्ता.

मी उत्तर तयार ठेवून आले होते. विमानात बसल्यापासून मनात घोळवत होते. आई विचारणार, म्हणजे तू आता इथली राहणार नाहीस का गं? मग मी सांगणार, की दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की आपलं जातं, १९५५ च्या कायद्यातच तसं आहे, दोन्ही ठेवता येत नाहीत. पासपोर्ट परत करावा लागेल. पण अशा मूळच्या भारतीयांना आपलं सरकार ओसीआय कार्ड देतं, आयुष्यभरासाठी. व्हिसा नको, कितीही दिवस राहा. मत देता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही, अशी काही बंधनं. वारसानं आली तर ती घेता येते. (जमिनीचं दादापाशी काढायचं होतं. नाही काढलं.) मग ती म्हणणार, पण कशाला? त्याचंही उत्तर होतं माझ्याकडे.

तिनं विचारलंच नाही.

नागोयात फ्लॉवर केवढ्याला मिळतो हे ती विचारते. माझी ओवी शाळेत डब्याला काय नेते, थंडीत नळाला गरम पाणी येतं का, शेजारची म्हातारी अजून आहे का, सगळं विचारते. फोनवर माझा आवाज जरा बसलेला वाटला तर तीनदा विचारते. आणि हे नाही. मग वाटायला लागलं, मी गेले त्याच वर्षी तिनं मला मनातून सोडून दिलं असेल. तिच्या लेखी हा नुसता राहिलेला कागद. आपण जिच्यासाठी एवढं काळीज धरून बसलो, तिला त्याचं काहीच नाही? हे लिहिताना रडू येतंय, येऊ दे.

शुक्रवारी आईबाबांची विवाहनोंदणी करून आलो. लग्न १९७८ चं. तेव्हा कोण नोंदणी करत होतं? लग्नपत्रिका ट्रंकेत सापडली, हळदीकुंकवाच्या बोटांसकट. २०१९ च्या ऑगस्टात इथं कोल्हापुरात शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा दादानं सगळ्यात आधी ती ट्रंक माळ्यावर टाकली होती, म्हणून वाचली. लग्न लावणारे भटजी आता हयात नाहीत, त्याचं शपथपत्र करावं लागलं. तीन साक्षीदार पाहिजेत म्हटल्यावर बाबांनी तालमीतले दोघे आणि काकांना बोलावलं. पंचाहत्तरीच्या पुढची ही माणसं इस्त्रीचे कपडे घालून हजर. बाबा रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होते, "मुलीला जपानात लागतंय." त्यांच्या आवाजात अभिमान होता. त्यांना पूर्ण कळलंय का, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही.

माझ्या जन्मदाखल्यात नावाची जागा कोरी होती. नुसतं 'मुलगी', आईचं नाव, बाबांचं नाव, तारीख. त्या वेळी दवाखान्यातून नोंद जायची आणि बारसं नंतर व्हायचं, नाव घालायला परत कुणी जात नसे. शाळा सोडल्याचा दाखला लावून ते आता घालून घेतलं. बाईंनी नाव टाकून कागद पुढे केला, "बघा, बरोबर आहे ना?" बरोबर होतं. या गावच्या नोंदीत माझं नाव आत्ता लागलं आणि ते मी घेऊन चाललेय निघून जायच्या अर्जाला जोडायला. तिथंच बाकावर जरा बसून राहिले.

आणि तिकडे 'दोकिशो' राहिलाय. अर्जासोबत आपल्या हातानं जपानीत लिहून द्यायचं असतं, की मला या देशाचं नागरिकत्व का हवं. टाईप केलेलं चालत नाही. माझा मसुदा तयार आहे. इतकी वर्षं जपानात काम करते, कर भरते, पेन्शनचे हप्ते भरते. मुलगी इथं जन्मली, इथंच शिकते. ज्या शहरात राहते त्याच्या निवडणुकीत मला मत द्यायचंय, कायमच्या रहिवाशाला ते देता येत नाही. सगळं खरं आहे, एकही ओळ उगाच लिहिलेली नाही. नवऱ्यानं, सचिननं, त्याचा अर्ज भरलेला नाही, त्यावर आज नको.

त्या परक्या कार्यालयाला माझं 'का' माझ्या अक्षरात पाहिजे, आणि आईला नको. जेवण झाल्यावरही तेच डोक्यात होतं.

मग ती आपला शाळेचा दाखला शोधत बसली. मला तो लागत नाही म्हटलं, तरी. "असू दे, मागितलान तर?" दाखल्यावर निपाणी, जिल्हा बेळगाव. ती जन्मली तेव्हा निपाणी मुंबई राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेली. "मी दोन वर्सांची होतो," आई म्हणाली, "आप्पा दर एक नोव्हेंबरला दुकान बंद ठेवायचे. आम्हाला वाटायचं, कुणीतरी गेलंय." हे तिनं मला उद्देशून म्हटलं नव्हतं, कागद चाळता चाळता आठवलं. पण मला राहवलं नाही. म्हटलं, आई, मग मी हे करतेय त्याचं तुला काहीच वाटत नाही?

ती थांबली. म्हणाली, "वाटतंय की. न वाटायला काय झालं?"

मग विचारलं का नाहीस?

"तू ठरवूनच आलीयास. मी विचारलं असतं तर तू मला समजावत बसली असतीस. मला समजावून घ्यायचं न्हवतं."

आणि दाखला घडी करून पिशवीत ठेवला.

तेव्हापासून तीच वाक्यं फिरतायत, पण आता बोचत नाहीत. तिला वाटतंय, आणि ते ती आपल्यापाशी ठेवणार आहे. माझ्या ओसीआयनं ते कमी होणार नव्हतं. मीही तिच्या आप्पांसारखी नाही, माझं गाव कुणी रातोरात दुसऱ्या राज्यात घातलेलं नाही. मी आपणहून जातेय, आणि जायचंच आहे मला. हे दोन्ही खरं असू शकतं, मला जायचंय हे आणि तिला वाटतंय हे. एकानं दुसरं खोडायची गरज नाही. विमानात जे उत्तर रचलं, त्यात तिचं वाटणं खोडायचीच घाई होती बहुतेक.

मंजूर झालं तर राजपत्रात नाव येतं, मग नवीन कोसेकी उघडते. आईबाबांची नावं तिथं पालक म्हणून लागतील, काताकाना लिपीत. ती कशी दिसतील ते आत्ताच मागच्या पानावर लिहून पाहिलं. आईला सकाळी दाखवीन.

दोकिशो परत लिहिणार. मसुद्यात आईबाबांचं एक अक्षर नाही, कार्यालयाला त्याचं काही नसतं म्हणून घातलं नव्हतं. आता घालणार: माझे आईवडील कोल्हापुरात राहतात, मी त्यांच्याकडे येत जात राहीन, आणि त्यांनी मला अडवलं नाही. तिथला अधिकारी म्हणेल, हे कशाला, काढा. म्हणू दे. आधी लिहून तर नेते.