काकाच्या हाडातलं शिसं

शिसपेन्सिलीत शिसं नसतं हे मला पहिल्यांदा काकाने सांगितलं. मी तेव्हा चौथीत वगैरे असेन, पेन्सिल चघळत बसलो होतो, आई ओरडली की शिसं जाईल पोटात, तर काका म्हणाला, "अहो वहिनी त्यात ग्रॅफाइट असतं, शिसं बघायचंय तर हे बघा," आणि शर्टाच्या खिशातून एक खिळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. छपाईचा खिळा, उलटा 'क'. एवढासा, पण आकाराच्या मानाने भलताच जड. मी तोही तोंडात घालणार होतो म्हणे, काकाने वेळेवर काढून घेतला.

काका छापखान्यात जुळारी होता, खिळे जुळवायचा. नव्या पोरांना हे काम माहीतच नाही म्हणून थोडं सांगतो. समोर लाकडी केस, त्यात प्रत्येक अक्षराचं वेगळं घर, डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीत लावायची पट्टी, उजव्या हाताने एकेक खिळा उचलून उलटा लावत जायचं, छपाई झाली की फॉर्मा, म्हणजे जुळवून बांधलेला मजकूर, सोडायचा आणि तेच सगळे खिळे परत आपापल्या घरात टाकायचे. म्हणजे एकच खिळा हजार वेळा हातातून जाणार. खिळ्याचा धातू म्हणजे मुख्यतः शिसं, थोडं अँटिमनी आणि कथील. घासून घासून केसच्या तळाशी करडी धूळ साचायची, ती काका तोंडाने फुंकून उडवायचा. झिजलेले खिळे वितळवायला भट्टी त्याच खोलीत. बोटांची टोकं कायम करडी, त्याच हातांनी जेवायचं, त्याच हातांनी सिगरेट. अशी एकतीस वर्षं.

छापखाना बंद झाला, काका रिटायर झाला, आणि सदुसष्टाव्या वर्षी एका सकाळी उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. ज्या माणसाने आयुष्यभर अक्षरं उलटी वाचली त्याला स्वतःचं नाव सरळ सांगता येईना. हॉस्पिटलमध्ये सगळं विचारलं, बीपी आहे का, शुगर आहे का, सिगरेट किती, घरात कुणाला लकवा मारला होता का. व्यवसायाच्या रकान्यात मीच लिहिलं, 'निवृत्त'. विषय संपला. त्या एका शब्दात एकतीस वर्षं गायब झाली हे माझ्या डोक्यात फार उशिरा आलं.

शिशाबद्दल आपल्या डोक्यात काय असतं, की ते लहान मुलांना वाईट, मेंदूची वाढ खुंटते, रंगाच्या खपल्या खाऊ देऊ नका. ते खरंच आहे. पण मोठ्या माणसात शिशाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे रक्तवाहिन्या, हे मला काका गेल्यानंतर वाचताना कळलं. शरीराला शिसं आणि कॅल्शियम यातला फरक नीट कळत नाही, आणि सगळी गडबड तिथून सुरू होते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, त्याने ती सैल राहते, शिसं आलं की तो कमी पडतो आणि वाहिनी आवळलेली राहते, किडनीवर परिणाम होतो तो वेगळाच, आणि दोन्हीचा हिशोब शेवटी बीपीत दिसतो. स्ट्रोकचं सगळ्यात मोठं कारण बीपी, मग तो गुठळी अडकून आलेला असो की नस फुटून.

आता खरी गंमत, म्हणजे गंमत कसली. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं. काम सोडलं, सहा महिने गेले, टेस्ट केली, आकडा छान. पण ते सगळं बाहेर गेलेलं नसतं, बरंचसं हाडात जाऊन बसलेलं असतं. मोठ्या माणसाच्या शरीरात जेवढं शिसं असतं त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त हाडात असतं आणि तिथे ते वर्षानुवर्षं, दशकंच्या दशकं राहतं. हाडीमांसी भिनणं म्हणतात ते इथे अगदी शब्दशः. आणि म्हातारपणी हाडं झिजायला लागली की कॅल्शियमबरोबर तेही परत रक्तात उतरतं. बायकांमध्ये पाळी गेल्यावर हे जास्त होतं कारण तेव्हा हाडांची झीज एकदम वाढते. म्हणजे तिशीत पोटात आणि फुफ्फुसात गेलेली धूळ सत्तरीत परत भेटायला येते, आणि तोवर छापखाना बंद, मालक गेलेला, फॉर्मवर 'निवृत्त'.

आकड्यांचं सांगतो कारण मलाही आधी वाटलं होतं की हे सगळं भट्टीवर काम करणाऱ्यांपुरतं असेल. अमेरिकेत १९७८ साली कारखान्यातल्या कामगारांसाठी नियम झाला, त्यात रक्तात दर डेसिलिटरला ६० मायक्रोग्रॅम शिसं सापडलं की माणसाला त्या कामावरून बाजूला करायचं आणि ४० च्या खाली आलं की परत कामावर घ्यायचं. आता हे बघा. २००६ साली तिथलाच एक अभ्यास छापून आला, साधीसुधी माणसं, जवळपास १४ हजार, १९८८ ते १९९४ मध्ये रक्त तपासलेलं, सगळ्यांचं शिसं १० च्या खाली, आणि पुढे बारा वर्षं कोण कशाने गेलं याची नोंद. ज्यांचं ३.६२ किंवा त्याहून जास्त होतं त्यांचा स्ट्रोकने मरण्याचा धोका १.९४ च्या खाली असलेल्यांच्या अडीच पट निघाला, वय, बीपी, सिगरेट वगैरेचा हिशोब केल्यावरही. कुठे ६० आणि कुठे ३.६२! स्ट्रोकने गेलेल्यांची संख्या अशा अभ्यासात तशी कमी असते, त्यामुळे त्या अडीचला फार दशांशापर्यंत चिकटून बसू नका, पण बाण कुठे दाखवतोय ते स्पष्ट आहे. आता जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते की शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही.

आणि हे फक्त जुळाऱ्यांचं नाही. १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिसं घालायची आयडिया निघाली, इंजिनात ठकठक होऊ नये म्हणून, आणि जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, ते पंपावर मिळायचं बंद झालं २०२१ मध्ये. शंभर वर्षं! क्लेअर पॅटरसन नावाच्या शास्त्रज्ञाने उल्केतलं शिसं मोजून पृथ्वीचं वय काढलं, साधारण ४५५ कोटी वर्षं, पण ते काढताना त्याचे नमुने सारखे खराब व्हायचे कारण हवेत, भांड्यांत, कपड्यांवर, केसांत सगळीकडे शिसं, शेवटी त्याने लॅबच धुऊनपुसून वेगळी बनवली आणि मग उरलेली वर्षं पेट्रोलवाल्यांशी भांडण्यात घालवली. मला हा माणूस फार आवडतो. तर ज्यांचं बालपण धुराच्या रस्त्यांवर गेलंय त्या सगळ्यांच्या हाडात थोडंफार आहेच. वर जुन्या बॅटऱ्या फोडणारे, जुना रंग खरवडणारे, सोल्डरिंग करणारे, बंदुकीच्या रेंजवर रोज जाणारे, शिशाच्या जुन्या पाइपातून पाणी येणारे, यांचं वेगळं.

काकाला स्ट्रोक शिशामुळेच आला असं मी म्हणत नाहीये. बीपी होतंच, गोळ्या बुडवायचा, सिगरेट सुटली नाही ती नाहीच. एका माणसाबाबत हे कुणालाच सांगता येत नाही. पण ते बीपी मुळात कुठून आलं हा प्रश्न निदान कुणीतरी विचारायला हवा होता, आणि कुणीतरीमध्ये मीही आलो.

मग शिसं बाहेर काढता येत नाही का? काढता येतं थोडं, सलाइनमधून ईडीटीए नावाचं औषध देतात, ते शिशाला पकडून लघवीवाटे बाहेर नेतं. विषबाधा झाली असेल तर ते लागतंच. पण हार्ट अटॅक येऊन गेलेल्या डायबेटिसच्या पेशंटवर याची मोठी ट्रायल झाली, २०२४ मध्ये निकाल आला, रक्तातलं शिसं ६१ टक्क्यांनी उतरलं आणि हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे काही कमी झालं नाही. त्यामुळे 'बॉडी डिटॉक्स' करून देतो म्हणणारे दिसले की दुसऱ्या फुटपाथने जा.

हे सगळं वाचल्यावर मला एकदम काकू आठवली. एकतीस वर्षं त्या करड्या धुळीचे कपडे धुतले कुणी? तिने. आधी ती ते जोरात झटकायची आणि मग भिजवायची. आता ती बाहत्तर वर्षांची आहे, बीपी आहे, हाडं ठिसूळ झालीयेत असं मागच्याच वर्षी सांगितलंय. तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो आणि या वेळी न विचारताच सगळं सांगितलं. डॉक्टर तरुण होते, लिहायचे थांबले, म्हणाले, "कपडे घरीच धुवायच्या का?" काकूला वाटलं ते तिच्या कामाची चौकशी करतायत, ती म्हणाली, "मग, मशीन कुठे होतं तेव्हा."

शिरेतून रक्त घेऊन टेस्ट झाली, ४.१ आलं. भयंकर काही नाही. डॉक्टर म्हणाले याला औषध नाही द्यायचं, पण बीपीच्या बाबतीत आता ढिलाई नको, हाडांचं औषध सुरू करू, आणि घरात अजून कुठून येतंय का ते बघा. मी म्हटलं आता कुठून येणार, तर काकू म्हणाली कपाटावर ह्यांच्या खिळ्यांची पेटी आहे की. उघडी. दर रविवारी ती त्यातले खिळे एकेक करून कोरड्या फडक्याने पुसते, गेली सहा वर्षं.

पेटी टाकून द्यायला ती तयार नाही आणि मीही फार ताणलं नाही. सगळे खिळे हातमोजे घालून काचेच्या बरणीत भरले, झाकण घट्ट लावलं, कपाट ओल्या फडक्याने पुसून ते फडकं फेकून दिलं. बरणी बाहेरून पुसायला परवानगी आहे. पुढची टेस्ट तीन महिन्यांनी.